खुर्चीतला गायक, ड्रमवर मुलगा: जेनेसिसच्या शेवटच्या दौऱ्याचा प्रकरण अभ्यास

जुने रॉक बँड म्हातारे झाले की लोक दोनच प्रकारे बोलतात. एक, 'काय एनर्जी आहे या वयात!' आणि दोन, 'आता थांबायला हवं होतं.' दोन्ही वाक्यांत रंगमंचावर प्रत्यक्ष काय बदललं याचा पत्ता लागत नाही. कोणती पट्टी खाली आली, कोणतं वाद्य कुणाकडे गेलं, कुठलं गाणं यादीतून गुपचूप गळालं, यावर फारसं कुणी बोलत नाही. म्हणून इथे एकच दौरा घेऊन तो जवळून पाहू. इंग्लंडच्या जेनेसिस या बँडचा 'द लास्ट डॉमिनो?' हा दौरा 20 सप्टेंबर 2021 रोजी बर्मिंगहॅममध्ये सुरू झाला आणि 26 मार्च 2022 रोजी लंडनच्या ओटू ॲरीनात संपला.

हाच दौरा घेण्याचं कारण असं की इथे वय झाकायला जागाच नव्हती. गायक फिल कॉलिन्स सत्तर वर्षांचा. तो काठी टेकत मंचावर यायचा, मधोमध ठेवलेल्या साध्या खुर्चीत बसायचा आणि दोन तासांहून जास्त वेळ तिथून गायचा. मागे ड्रमवर त्याचा वीस वर्षांचा मुलगा निक. डावी-उजवीकडे सत्तरी गाठलेले कीबोर्डवादक टोनी बँक्स आणि गिटारवादक माइक रदरफर्ड. सोबत 1978 पासून या बँडबरोबर दौरे करणारा डॅरिल स्टर्मर, आणि कोरसला दोन तरुण गायक. चौदा वर्षांनी हा बँड परत रस्त्यावर उतरला होता.

आधी काय होतं

ही गोष्ट कळायला जेनेसिसची मंचावरची जुनी रचना माहीत असावी लागते. बँड 1967 चा, चार्टरहाउस शाळेतल्या मुलांचा. कॉलिन्स 1970 मध्ये आला तो ड्रमर म्हणून. मूळ गायक पीटर गॅब्रिएल 1975 मध्ये बाहेर पडला, दुसरा गायक मिळेना, आणि शेवटी ड्रमरच पुढे येऊन गाऊ लागला. आता प्रश्न आला की कॉलिन्स पुढे गात असताना मागे वाजवणार कोण? 1976 च्या दौऱ्यात बिल ब्रुफर्ड होता. 1977 पासून अमेरिकन ड्रमर चेस्टर थॉम्पसन आला, आणि 1990 च्या दशकापर्यंत तोच या बँडचा मंचावरचा ड्रमर राहिला.

यातून एक रीत पडली. गाण्याचा शब्दांचा भाग संपला, लांबलचक वाद्यांचा भाग सुरू झाला की कॉलिन्स माइक सोडून मागे धावायचा, आपल्या किटवर बसायचा, आणि दोन ड्रमर एकदम वाजवू लागायचे. 'आफ्टरग्लो'चा शेवट किंवा 'सेकंड होम बाय द सी' प्रत्यक्ष ऐकलेले लोक अजूनही त्या दुहेरी ड्रमचं नाव काढतात. त्यात भर म्हणजे दोघांची ड्रमची जुगलबंदी, हा प्रत्येक कार्यक्रमातला हुकमी प्रसंग. शिवाय 'आय नो व्हॉट आय लाइक'मधला खंजिरीचा नाच: कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यावर खंजिरी आपटत कॉलिन्स मंचभर फिरायचा.

थोडक्यात, या बँडची मंचावरची सगळी धावपळ एकाच माणसाच्या अंगावर होती. बँक्स कीबोर्डमागून हलत नाही, हसतही क्वचित. रदरफर्ड उंच आणि शांत. त्यामुळे कॉलिन्सचं शरीर थकलं तेव्हा बँडचा अर्धा कार्यक्रमच थकला.

बिघाड कुठे झाला

2007 च्या पुनर्मीलन दौऱ्यात सगळं वरून ठीक दिसत होतं. त्या दौऱ्यातली जुगलबंदी कॉलिन्स आणि थॉम्पसन दोन उंच स्टुलांवरच सुरू करायचे. स्टुलाच्या गादीवर स्टिक्सनी ठेका धरायचा आणि तो वाढवत वाढवत ड्रम किटपर्यंत न्यायचा. नावही तसंच ठेवलं होतं, 'कॉन्व्हर्सेशन्स विथ टू स्टूल्स'. कॉलिन्स तेव्हा 56 वर्षांचा.

त्याच दौऱ्यात त्याच्या मानेतला मणका सरकला. त्याचा परिणाम हातांच्या नसांवर झाला. 2009 मध्ये शस्त्रक्रिया झाली, पण बोटांत जोर परतला नाही. 2010 च्या 'गोइंग बॅक' या अल्बमसाठी त्याने स्टिक्स हाताला पट्टीने बांधून ड्रम वाजवले. पुढे पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि एका पायाचा पंजा उचलला जाईना. 2017 मध्ये एकट्याच्या नावावरच्या कार्यक्रमांसाठी लंडनमध्ये असताना तो रात्री हॉटेलच्या खोलीत पडला, डोक्याला खोक पडली, आणि दोन कार्यक्रम पुढे ढकलावे लागले. तेव्हाही तो खुर्चीत बसूनच गात होता आणि ड्रमवर सोळा वर्षांचा निक होता.

म्हणजे 2021 चा आराखडा 2017 मध्येच तपासून झाला होता. जेनेसिसने वेगळं काय केलं? तर तो आराखडा जुन्या, गुंतागुंतीच्या, सात आणि तेरा मात्रांच्या संगीताला लावून पाहिला. एकट्या कॉलिन्सची बरीचशी गाणी चार-सव्वाचार मिनिटांची आणि सरळ ठेक्याची आहेत. जेनेसिसचं प्रकरण वेगळं. 'टर्न इट ऑन अगेन' ऐकायला साधं वाटतं, पण पाय आपटून बघा, तेरा मात्रांत अडकायला होतं.

ड्रम: इथे मिळकत झाली

सर्वसाधारण समज असा की म्हाताऱ्या बँडने तरुण ड्रमर घेतला म्हणजे तडजोड केली. इथे मला उलटं दिसतं.

चेस्टर थॉम्पसन उत्तम वादक. फ्रँक झापा आणि वेदर रिपोर्टसारख्या मंडळींबरोबर वाजवून आलेला, जॅझ-फ्यूजनच्या वळणाचा. पण रेकॉर्डवरचं ड्रमिंग त्याचं नव्हतं, ते कॉलिन्सचं होतं. त्यामुळे 1977 नंतर मंचावर कॉलिन्स गात असे तेव्हा मागे रेकॉर्डवरचा हात नसायचा, थॉम्पसनने लावलेला अर्थ असायचा. कॉलिन्सचा स्वतःचा हात ऐकू यायचा तो फक्त त्याचं गाणं थांबल्यावर. एकच माणूस एकाच वेळी दोन्हीकडे असू शकत नाही, एवढंच त्याचं कारण.

निक बापाच्या रेकॉर्डी ऐकत वाढलेला. स्नेअरवरचा तो किंचित मागे रेललेला जड ठोका, टॉमवरून खाली घरंगळत येणाऱ्या भरण्या (ठेक्यांमधली जागा भरणारे छोटे तुकडे), झांजेला हात लावण्यातला कंजूषपणा, हे सगळं त्याच्याकडे आहे. 'द सिनेमा शो'चा सात मात्रांचा वाद्यभाग 2021 मध्ये ऐकताना कान टवकारतात ते यामुळे. सत्तरीच्या बापाच्या आवाजाखाली तिशीच्या बापासारखा ड्रम वाजतो आहे, असं रेकॉर्डबाहेर जवळपास पहिल्यांदाच ऐकू आलं. बँक्स आणि रदरफर्ड यांनीही परत एकत्र येण्यामागे निकचं वाजवणं हे मोठं कारण असल्याचं सांगितलं होतं.

गेलं ते दुहेरी ड्रमचं वजन. 'आफ्टरग्लो'च्या शेवटी दोन किट एकदम कोसळायचे, तिथे आता एकच किट. निक ती जागा जोराने भरून काढतो, पण जाडी ती जाडीच. जुगलबंदी तर सरळ काढूनच टाकली. बाप-लेकाची एखादी प्रतीकात्मक जुगलबंदी घालता आली असती. खुर्चीत बसलेल्या कॉलिन्सच्या हातात एखादं छोटं तालवाद्य दिलं असतं तरी सभागृह रडलं असतं. ती त्यांनी केली नाही. दौऱ्याआधी बीबीसीशी बोलताना कॉलिन्सने स्वच्छ सांगितलं होतं की मुलाबरोबर वाजवायला फार आवडेल, पण या हाताने स्टिक धरणंही कठीण आहे. जे हाताने होत नाही त्याचा देखावा मंचावर केला नाही, ही या दौऱ्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट.

आवाज: इथे हिशोब अवघड

वय वाढतं तसे स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, त्यांच्यावरचं आवरण ताठरतं, स्वरयंत्रातली कूर्चा हाडासारखी टणक होत जाते. फुप्फुसांची ताकद घटते म्हणून श्वास आखूड होतो. याचा पहिला फटका वरच्या सुरांना बसतो, दुसरा लांब धरलेल्या सुरांना. रॉक गायकाला तो जास्त जाणवतो, कारण पंचविशीत-तिशीत रेकॉर्ड केलेली गाणी मुद्दाम आवाजाच्या टोकावर बांधलेली असतात. तो ताणच त्या गाण्यांचा रंग असतो. गाणं लिहिताना हे सत्तरीत गावं लागेल असा विचार कुणी करत नाही.

त्यात बसून गाणं. माणूस बसला की पोट दुमडतं, छाती आणि पोटामधल्या श्वासपटलाला खाली सरकायला जागा कमी मिळते. ताठ बसून त्यावर थोडीफार मात करता येते, पण ज्याची पाठच दुखरी आहे त्याने किती वेळ ताठ बसायचं?

जेनेसिसने दोन उपाय केले. पहिला, बऱ्याच गाण्यांची पट्टी खाली आणली. हा उपाय नवा नव्हता. कॉलिन्सच्या आवाजाची काळजी फार जुनी आहे. 1992 मध्ये अमेरिकेतल्या टॅम्पा इथे आवाज बसल्यामुळे कार्यक्रम सुरुवातीलाच थांबवण्याची वेळ आली होती. पण 2021 मध्ये पट्टी इतकी खाली आली की साध्या कानालाही कळावं.

पट्टी खाली घेणं ऐकायला सोपं वाटतं. कीबोर्डवर बटण दाबून होतंही. गिटारचं तसं नाही. मोकळ्या तारांची झणझण ज्या पट्टीत बसवलेली असते, ती पट्टी बदलली की एकतर तारा उतरवून लावाव्या लागतात किंवा बोटं वेगळीकडे टाकावी लागतात, आणि दोन्हीत मूळची चमक जाते. बास आणखी खाली गेला की मोठ्या ॲरीनात तो गढूळ होतो. गाणं ओळखीचं राहतं, पण सगळीकडे थोडी संध्याकाळ झाल्यासारखी वाटते.

काही गाण्यांना ही संध्याकाळ मानवली. 'मामा' हे गाणं मुळातच काळोखं आहे, चेहऱ्यावर खालून पडणारा प्रकाश आणि ते विकट हसू ही त्याची ओळख. खालच्या पट्टीत, हलू न शकणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडून ते 1983 पेक्षा भीतिदायक झालं. पूर्वी कॉलिन्स तिथे वेड्याचा अभिनय करायचा. आता फार काही करावंच लागत नव्हतं, मोठ्या पडद्यावर चेहरा जवळून दाखवला की काम व्हायचं. 'होम बाय द सी'ही तसंच. जुन्या घरात अडकून पडलेल्या आत्म्यांचं ते गाणं, सांगणारा खुर्चीत बसलेला असला तर उलट शोभतं. तिथे प्रेक्षकांना हात वर करायला लावून भुतांसारखे आवाज काढायला लावायचा जुना खेळही त्याने बसल्या जागेवरून चालवला, आणि तो चालला.

काही गाण्यांना मुळीच मानवली नाही. 'इनव्हिजिबल टच' हे 1986 चं उड्या मारणारं गाणं. त्याचा सगळा जीव वरच्या सुरातल्या हलकेपणात आहे. खाली आणल्यावर ते वजनदार झालं, आणि वजनदार 'इनव्हिजिबल टच'चा काही उपयोग नाही. ते यादीतून काढायला हवं होतं असं माझं मत. अर्थात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं या बँडचं ते एकमेव गाणं, ते काढलं असतं तर अर्धं सभागृह नाराज होऊन घरी गेलं असतं. म्हातारपणाची ही बाजू कुणी बोलत नाही: जी गाणी आवाजाला झेपत नाहीत, नेमकी त्यांच्यासाठीच लोकांनी तिकीट काढलेलं असतं.

दुसरा उपाय कोरसचा. डॅनियल पियर्स आणि पॅट्रिक स्मिथ असे दोन गायक सोबत घेतले. जेनेसिसच्या मंचावर वेगळे कोरस गायक याआधी कधी नव्हते, त्यामुळे जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. हा कॉलिन्सच्या स्वतःच्या कार्यक्रमाचा थाट, असं म्हणणारेही होते. पण नीट ऐकलं तर या दोघांचं काम फार नेमकं आहे. मुखड्याचा वरचा सूर ते धरतात, कॉलिन्स त्याच्या खाली राहतो. कान वरच्या सुराकडे जातो आणि गाणं उंच वाटत राहतं. कडव्यांत मात्र त्याला एकट्याला सोडतात. तिथे आवाज फाटला, श्वास तुटला, तरी ते तसंच ऐकू येऊ देतात.

मंच आणि नजर

जो माणूस पूर्वी मंचभर पळायचा तो एका जागी बसला, तर वीस हजार लोकांनी दोन तास कुठे बघायचं? याचं उत्तर या बँडकडे जुनंच होतं. आपोआप वळणारे, रंग बदलणारे व्हेरी-लाइट दिवे 1981 मध्ये बार्सिलोनात पहिल्यांदा लागले ते जेनेसिसच्याच कार्यक्रमात, आणि त्या तंत्रात बँडने स्वतः पैसे गुंतवले होते. हलणं माणसांनी करायचं की दिव्यांनी, हा प्रश्न त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच निम्मा सोडवला होता. 2021 मध्ये दिवे आणि पडदे आणखी पुढे आले आणि खुर्चीभोवतीचा सगळा अवकाश हलता राहिला.

खुर्ची मात्र साधीच ठेवली. याची तुलना हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बॉर्नशी करता येईल. 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्याच व्हिला पार्कवर त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा तो भल्यामोठ्या काळ्या सिंहासनावर बसून गायला. ऑझीला ते शोभलं, त्याची सगळी प्रतिमाच तशी. कॉलिन्सने सिंहासन घेतलं असतं तर हसू झालं असतं. तो कायम शेजारच्या घरातल्या माणसासारखा वावरलेला, त्यामुळे शेजारच्या घरातली खुर्ची. 'आय कान्ट डान्स'मधली ती ताठ पायांची तिघांची चाल गेली, पण खुर्चीतून ते शीर्षक म्हणण्यात आपसूक विनोद आला आणि तो त्याने ओळखून वापरला.

यादी

गाण्यांची निवड बँक्सच्या डोक्याने केल्यासारखी वाटते. लांब वाद्यभाग भरपूर, म्हणजे गायकाला दम घ्यायला वेळ. 1991 च्या अल्बममधलं 'फेडिंग लाइट्स' सुरू करायचं, त्याचा शब्दांचा भाग झाला की थेट 'द सिनेमा शो'च्या वाद्यभागात शिरायचं आणि तिथून 'आफ्टरग्लो'. मधल्या कित्येक मिनिटांत कॉलिन्सला एक शब्दही गायचा नाही. जुन्या काळी याच वेळात तो मागे जाऊन ड्रम वाजवायचा. आता तो बसून मुलाचं वाजवणं ऐकतो. कार्यक्रमाच्या मध्यावर 'फॉलो यू फॉलो मी' आणि 'दॅट्स ऑल' सैल करून, कमी वाद्यांवर घेतली, तेही आवाज राखून ठेवण्यासाठीच.

'डचेस'चा समावेश मला फार सूचक वाटला. 1980 च्या 'ड्यूक' अल्बममधलं हे गाणं एका गायिकेचं: ती वर येते, लोक तिला डोक्यावर घेतात, मग हळूहळू पाठ फिरवतात. लिहिताना ही मंडळी तिशीच्या आसपास होती, यशाच्या चढणीवर. तिशीत कल्पनेने लिहिलेलं म्हातारपण सत्तरीत गाताना कॉलिन्सने त्यावर काही भाष्य केलं नाही, नुसतं गायलं.

दुसरे मार्ग होते का

होते. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा ड्रमर निको मॅकब्रेन याला जानेवारी 2023 मध्ये पक्षाघाताचा झटका आला. सावरल्यावर तो परत आला, अवघड भरण्या गाळून सोपं वाजवत त्याने पुढचे दौरे केले आणि डिसेंबर 2024 मध्ये थांबला. वादक तोच ठेवून भाग बदलायचा, हा एक मार्ग. जेनेसिसचाच जुना गिटारवादक स्टीव्ह हॅकेट 1970 च्या दशकातली गाणी घेऊन वर्षानुवर्षं दौरे करतो, पण गायक वेगळा. गाणी मूळच्या थाटात ठेवून माणूस बदलायचा, हा दुसरा. एरोस्मिथ या अमेरिकन बँडने गायक स्टीव्हन टायलरच्या आवाजाला झालेल्या दुखापतीनंतर 2024 मध्ये दौरे बंदच केले, हा तिसरा. जेनेसिसने गायक तोच ठेवला, ड्रमर बदलला, पट्टी बदलली आणि यादी त्याभोवती बांधली. हे दुसऱ्या कुठल्या बँडला उचलता येईल असं वाटत नाही, कारण त्याचा अर्धा भार निकवर आहे. बापाचा हात घेऊन जन्मलेला ड्रमर मागवून मिळत नाही.

कोविडनेही वयाचा हिशोब मागितला. ऑक्टोबर 2021 मध्ये बँडमध्येच लागण झाल्यावर ग्लासगो आणि लंडनचे उरलेले कार्यक्रम तेव्हा होऊ शकले नाहीत. लंडनचे पुढे गेलेले कार्यक्रम मार्च 2022 मध्ये झाले आणि तेच शेवटचे ठरले. शेवटच्या रात्री पीटर गॅब्रिएल प्रेक्षकांत होता. कॉलिन्सने मंचावरून त्याचा उल्लेख केला, पण त्याला वर बोलावलं नाही. त्यावर अनेकांनी हळहळ व्यक्त केली. मला ते योग्य वाटतं. गॅब्रिएल वर आला असता तर त्या रात्रीचं गाणं सोडून सगळे फोटो काढत बसले असते.

शेवट 'कार्पेट क्रॉलर्स'ने व्हायचा. गॅब्रिएलच्या काळातलं, 1974 चं, संथ गाणं. ते खालच्या सुरात सुरू होतं आणि कडव्याकडव्याने चढतं. दोन तास गाऊन थकलेल्या आवाजाला सुरुवातीला तिथे आयती जागा मिळते, आणि चढण आली की कोरस हात देतो. एन्कोरला, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर लोकांच्या आग्रहाखातर घेतलेल्या जादा गाण्यांत, शेवटी धमाल गाणं ठेवायचं हा रॉकचा जुना शिरस्ता. तो पाळला असता तर कॉलिन्सच्या गळ्यात जे उरलं होतं ते 'इनव्हिजिबल टच'च्या वरच्या सुरांत खर्ची पडलं असतं.